चाकापाशी उभा माणूस

१

मंगळवारी सकाळी दहाला ऑस्विन पेनफोल्ड मंडळाच्या खोलीचं कुलूप काढायचा, किटली लावायचा आणि आठवड्याभरात आलेली पाकिटं खिडकीजवळच्या लांब टेबलावर ओळीनं मांडायचा. एकतीस वर्षं हाच क्रम. पाकिटांत फोटो असायचे. कुणाच्या पणजोबांचा, कुणाच्या आत्याच्या लग्नातला, कुणी जुन्या बाजारात उचललेला. सोबत एक चिठ्ठी, की ही मोटार कुठली आणि कोणत्या सालची ते कृपया कळवावं.

वेल्डन गावातल्या या जुन्या मोटारींच्या मंडळाला अख्ख्या इंग्लंडातून असली पत्रं येत, आणि त्यातली निम्मी तरी थेट पेनफोल्डच्या नावानं. तो मान त्याला कुणी फुकट दिला नव्हता. हयातभर गॅसच्या कारखान्यात नकाशे काढलेला माणूस. बोनेटची कड नखाएवढी दिसली तरी तो कारखान्याचं नाव सांगे. दिव्याची कमान, चाकाच्या आऱ्या, मडगार्डचा वळसा एवढं मिळालं की साल सांगे, आणि अंगात आलं तर महिनासुद्धा.

पद्धत मात्र त्याची स्वतःची होती. फोटो हातात आला की आधी त्यावर ट्रेसिंगचा कागद ठेवून माणसांच्या कडा काढायच्या. मग त्या मापाची कातरणं काळ्या कागदातून कापायची आणि माणसांवर बसवायची. बाईवर बाईच्या आकाराचं, पोरावर पोराच्या, कुत्र्यावर कुत्र्याच्या. मागे उरायची ती निव्वळ मोटार, आणि भिंगातून पाहायचं ते फक्त तिला.

"माणसं लक्ष खातात," तो नव्या सभासदांना सांगायचा. "चेहरा दिसला की आपण गोष्ट रचायला लागतो. हे आजोबा, ही त्यांची नवी नवरी, म्हणजे साल अमुक. झालं वाटोळं! लोखंडाला नातेवाईक नसतात, म्हणून ते खोटं बोलत नाही."

"तुम्हालाही नाहीत, म्हणून तुमचं त्याच्याशी जमतं," बेरिल टाइपरायटरमागून म्हणायची. बेरिल स्टॅनफर्थ मंडळाची उत्तरं टाइप करायची. वीस वर्षं ती त्याच्यासमोर बसत आली होती आणि वीस वर्षं त्याला टोचत आली होती. पेनफोल्डला त्याचा राग नसे. घरी टोचायलासुद्धा कुणी नव्हतं.

शहाण्णव सालच्या ऑक्टोबरातल्या पहिल्या मंगळवारी बेरिलनं एक पत्र फोडलं, वाचलं, आणि त्याच्यापुढे सरकवलं.

'ऑस्विनकाका,' पत्रात लिहिलं होतं, 'बाबांच्या हॅरोबी मोटारीच्या सालाच्या दाखल्यासाठी मी पुन्हा अर्ज करते आहे. एकोणीस वर्षांपूर्वी तुम्ही ती १९०५ ची ठरवलीत. एकदा परत पाहाल का? माझ्या दोन्ही डोळ्यांत मध्यभागी डाग धरलाय आणि तो वाढतोय. डॉक्टर म्हणतात, वसंतात लायसन काढून घेतील. म्हणजे मला ब्रायटनच्या दौडीत मोटार चालवायला हा एकच नोव्हेंबर आहे. बाबांचा फोटो तुमच्याकडेच आहे. त्यांनी तो कधी परत मागितला नाही. तुमची, विनी गॅरड.'

लंडनहून ब्रायटनला जाणाऱ्या त्या दौडीत १९०४ च्या डिसेंबरापर्यंत बनलेल्या मोटारीच घेतात. १९०५ च्या जानेवारीतली असली तरी ती दारातच अडते. दौडीच्या यादीआधीची मंडळाची शेवटची बैठक त्याच महिन्यातल्या तिसऱ्या शुक्रवारी होती.

"काय कळवू?" बेरिलनं विचारलं.

"बघतो म्हणून कळव."

"बघालच ना, की नुसतं कळवू?"

पेनफोल्डनं पुढचं पाकीट ओढलं.

२

विनीचा बाप लायनेल गॅरड हा पेनफोल्डचा पंचवीस वर्षांचा दोस्त. ती हॅरोबी दोघांनी मिळून एका शेतावरच्या कोंबड्यांच्या खुराड्यातून ओढून काढली होती. आसनावर कोंबड्या अंडी घालत होत्या, इंजिनात गवत भरलं होतं. तीन हिवाळे दोघं तिच्यावर राबले. शाळकरी विनी त्यांना चहा आणून द्यायची आणि दोघांच्या हातांचं काळं ग्रीस बिस्किटांना लागलं की ओरडायची.

हॅरोबीचा कारखाना चार वर्षांत बुडाला होता. कागदपत्र नाही की यादी नाही. कळत होतं ते एवढंच, की १९०४ संपेपर्यंत त्यांचा पुढचा अ‍ॅक्सल, दोन चाकांना जोडणारा दांडा, गोल नळीचा असे आणि १९०५ पासून चपटा, घडीव. लायनेलच्या गाडीचा अ‍ॅक्सल नळीचा होता. पण अ‍ॅक्सल काय, कुणीही कुठल्याही गाडीखाली घालू शकतं. म्हणून लायनेलनं घरातला फोटो पुरावा म्हणून आणला. तीच गाडी, तोच नंबर. आसनावर मोठ्या टोपीतली एक बाई, आणि पुढच्या चाकापाशी लांब कोटातला एक पुरुष. कोट नेमका अ‍ॅक्सलच्या पुढे. दिव्यांच्या कमानी मात्र नंतरच्या घाटाच्या दिसत होत्या.

पेनफोल्डनं निकाल दिला, १९०५.

"अरे, तो माणूस ऍम्ब्रोज आहे!" लायनेल म्हणाला होता. "माझ्या आजोबांचा भाऊ. तो १९०४ च्या नोव्हेंबरात विषमज्वरानं गेला. चर्चच्या आवारात दगड आहे त्याचा, जाऊन वाच की! मेलेला माणूस पाच सालच्या गाडीपाशी उभा राहील कसा?"

"तो ऍम्ब्रोज आहे असं कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. आमच्या घरातला माणूस आहे तो!"

"हेच ते. घरचे सांगतात तो माणूस. मी माणसं बघत नाही, लायनेल. तुला ठाऊक आहे."

मित्र म्हणून सूट दिली असं उद्या कुणी म्हणू नये, याची पेनफोल्डला त्या वेळी भारी काळजी. मंडळात सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली, काय ताठ माणूस आहे म्हणून. लायनेलनं टोपी उचलली आणि निघून गेला. त्यानंतर तो सात वर्षं जगला. बाजारात पेनफोल्ड समोरून आला की रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. पेनफोल्ड त्याच्या मयताला गेला नाही. मंडळाच्या नावानं फुलं पाठवली.

३

त्याच मंगळवारी दुपारी त्यानं कपाटातून गॅरडची फाईल काढली. फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, तपकिरी, ठणठणीत. जुनी दोन्ही कातरणं टाचणीनं कडेला लावलेली. त्यानं बाईचं कातरण बसवलं. बरोब्बर बसलं. मग पुरुषाचं बसवलं.

ते बसेना.

डावीकडून कोटाची एक पट्टी बाहेर आली, दोऱ्याएवढी. उजवीकडून कातरण चाकाच्या आऱ्यांवर चढलं. त्यानं ते उचलून पुन्हा ठेवलं. खांदा जुळवला तर पाय सुटत होता आणि पाय जुळवला तर खांदा.

कागद आक्रसतो, पेनफोल्डनं स्वतःला सांगितलं. एकोणीस वर्षं झाली. दमट खोली, गॅसचा हीटर, आक्रसणारच. मग बाईचं कातरण कसं आक्रसलं नाही? ते वेगळ्या कागदाचं असेल. पण दोन्ही एकाच तावातून कापली होती. मागच्या बाजूला कंपनीचा छाप अर्धा या कातरणावर होता आणि अर्धा त्या.

त्यानं कर्कटक घेतलं आणि मापं घेतली. सत्त्याहत्तर साली त्यानं कार्डावर सगळी मापं लिहून ठेवली होती. चाकाच्या मधला तुंबा ते दिवा, दिवा ते नंबराची पाटी, पाटी ते आसन, सगळं केसागणिक जुळलं. कोटाची कड ते चाकाचा तुंबा, कार्डावर चार मिलिमीटर. कर्कटकात साडेपाच.

"चुकीचं लिहिलं असेन तेव्हा," तो मोठ्यानं म्हणाला.

बेरिलचे हात टाइपरायटरवर थांबले. "कोण, तुम्ही? ही तर पेपरात द्यायची बातमी झाली."

हीटर सुरसुरत होता. बाहेर आवारात, जिथे सभासद गाड्या लावत, तिथली रेती वाजल्यासारखी झाली. पेनफोल्डनं खिडकीतून पाहिलं, कुणी नव्हतं. त्यानं नवं कातरण कापलं, नीट, एक कड न सोडता. नवं माप कार्डावर लिहून खाली तारीख टाकली आणि फाईल बंद केली.

४

पुढच्या मंगळवारी नवं कातरणही बसलं नाही.

आता आठ मिलिमीटर. चाकाच्या तुंब्यापासून कोट आठ मिलिमीटर लांब गेला होता. मधल्या फटीत, जिथे सत्त्याहत्तर साली नुसतं कापड होतं, तिथे लोखंड दिसत होतं. पेनफोल्डनं भिंग लावलं नाही. लावायची गरजच नव्हती. उजेड पडून वरच्या अंगाला एक गुळगुळीत पांढरी रेघ उमटली होती, आणि तशी रेघ गोल वस्तूवरच उमटते.

खरं सांगायचं तर घाबरण्याआधी त्याला लाज वाटली, आणि ती जुनी लाज होती.

कारण ती रेघ तो पहिल्यांदा पाहत नव्हता. सत्त्याहत्तर साली, कोट आणि चाक यांच्यामध्ये, भिंगाखाली, पापणीच्या केसाएवढी ती त्याला दिसली होती. निकाल तेव्हा देऊन झाला होता. पाठी थोपटून झाल्या होत्या. फाईल बंद करण्याआधी त्यानं सवयीनं एकदा पाहिलं, आणि ती दिसली. नळीची असेल, त्याला वाटलं. नसेलही, त्यानं स्वतःला समजावलं. मग कात्री घेऊन पुरुषाचं कातरण पुन्हा कापलं, उजव्या अंगाला कणभर रुंद. रेघ झाकली गेली. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःशीसुद्धा पुरतं कबूल केलं नव्हतं.

"बेरिल," तो म्हणाला, "जरा हे बघ. हा माणूस मागच्या वेळी कुठं होता?"

"मला काय ठाऊक? तुम्ही माणसं कुणाला बघू देता कुठं?"

"बघ तरी."

ती चष्मा सावरत आली, फोटोकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "चाकापासून लांब उभा आहे. जागा करून देतोय कुणाला तरी, असा. का हो?"

"काही नाही."

"तुम्ही जेवलात का आज?"

चीज आणि लोणच्याचं सँडविच डब्यात तसंच होतं. त्यानं ते संध्याकाळी बदकांना घातलं.

५

तिसऱ्या मंगळवारी फाईल उघडायला त्याला दुपारचे तीन वाजले. दिवसभर त्यानं दुसरी पाकिटं संपवली, कातरणं कापली, सालं लिहिली. हात चालत होते तोवर ठीक होतं.

माणूस आता फोटोच्या डाव्या कडेला पोचला होता. अर्धा आत, अर्धा बाहेर. एक खांदा, एक बाही, कोटाचा घेर. अ‍ॅक्सल या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडा पडला होता. गोल नळी. शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. आधी कोटानं झाकलेल्या जमिनीवर वाळलेली पानं पडली होती, आणि त्यांच्या सावल्या बाकीच्या सावल्यांच्याच दिशेनं होत्या.

पेनफोल्डनं कर्कटक खाली ठेवलं. मोजायला काही उरलं नव्हतं. एकतीस वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यानं केलं. भिंग माणसाच्या चेहऱ्यावर नेलं.

चेहरा नव्हता म्हणावं तर होता. फोटो घेताना माणूस हलला की होतं तसं झालं होतं, ओढलेलं, फरपटलेलं. दोन डोळ्यांच्या जागी चार फिकट डाग. तोंड कानापर्यंत गेलेलं. फोटोत बाकी सगळं स्थिर, गवताचं पातंन् पातं मोजता येईल असं. हलला होता तो एकटाच, आणि अजून हलायचा थांबला नव्हता. सत्त्याहत्तर साली पाहिलं असतं तर इथे चेहरा असता. घरातल्या बाकी गॅरडांच्या चेहऱ्यांशी ताडून बघता आला असता. लायनेलनं हात जोडायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं.

"बेरिल, हा फोटो मी पाकिटात घालून बंद करतोय. चिकटवलेल्या तोंडावर तू सही कर. शुक्रवारपर्यंत कुणी उघडायचं नाही."

"मी बघू का आधी?"

पेनफोल्डनं पाकीट मिटून तिच्यापुढे धरलं. बेरिलनं त्याचा चेहरा पाहिला आणि तिची मस्करी कुठल्या कुठं गेली.

"नको," ती म्हणाली. "मला नका दाखवू." तिनं मान वळवूनच सही केली.

घरी जाताना त्याला जरा हलकं वाटलं, तेही सांगायला हवं. त्यानं मनाशी हिशेब जुळवला होता. अ‍ॅक्सल आता स्वच्छ दिसतो आहे. तो बैठकीपुढे ठेवायचा आणि म्हणायचं, नव्यानं पाहता ही गाडी १९०४ ची ठरते. विनीला दाखला मिळेल. कातरण कणभर रुंद कापलं होतं, ते कुणाला कळायचं कारण नाही. इतका साधा मार्ग!

६

शुक्रवारी दोन वाजता बैठक बसली. अध्यक्ष टर्टन म्हणजे निवृत्त वकील, सभ्य आणि चिवट. दोन सभासद, कोपऱ्यात बेरिल, आणि दाराजवळच्या खुर्चीवर विनी. पेनफोल्डनं तिला कित्येक वर्षांनी जवळून पाहिलं. अठ्ठावन्न वर्षांची, केस पिकलेले. बघायचं असलं की मान थोडी तिरकी करायची, डोळ्यांतल्या डागाच्या बाजूनं बघता यावं म्हणून.

"ऑस्विनकाका," ती हलक्या आवाजात म्हणाली, "बघितलंत, बरं वाटलं."

टर्टननं पाकिटाच्या तोंडावरची सही तपासली, ते फोडलं, फोटो काढला. मग उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"पेनफोल्ड, हा तोच फोटो?"

"तोच. अ‍ॅक्सल बघा. गोल नळी. माझा आधीचा निकाल मी बदलतो आहे."

"अ‍ॅक्सल दिसतोय खरा." टर्टननं जुनं कार्ड उचललं आणि पेनफोल्डच्याच अक्षरात लिहिलेलं वाचलं. "'पुढील चाकापाशी लांब कोटातील पुरुष. अ‍ॅक्सल दिसत नाही. आसनावर एक स्त्री.' बरोबर?"

"बरोबर."

"मग ती दोघं कुठं आहेत?"

फोटो टेबलावरून त्याच्याकडे आला. आवार, गवत, पानं, मोटार. आसन रिकामं होतं, चामड्यावर कुणीतरी नुकतंच उठल्यासारखा खोलगट ठसा. चाकापाशी कुणी नव्हतं. डाव्या कडेलाही नव्हतं.

"माणसांचा काय संबंध?" पेनफोल्डच्या तोंडून निघून गेलं. "आपण मोटार बघतोय ना?"

"मी पुरावा बघतोय," टर्टन शांतपणे म्हणाला. "एकोणीस वर्षं मंडळाच्या कपाटात असलेल्या फोटोतून दोन माणसं जातात आणि हवा तो अ‍ॅक्सल येतो. याला मी काय म्हणू? कुणीतरी हा फोटो बनवलाय. कुणी बनवला ते मी विचारत नाही, तुमच्या वयाकडे बघून. पण तुम्ही सत्त्याहत्तर साली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं काही सांगू शकाल का? तेव्हाच्या फोटोत नळीची काही खूण? कणभर जरी असली तरी चालेल. तुमचा तेवढा शब्द मी घेईन."

खोलीत हीटर सुरसुरत होता. विनीनं मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं.

एक वाक्य होतं सांगायचं. मी ती तेव्हाच पाहिली होती आणि झाकली. एवढंच. त्यानं तोंड उघडलं. टर्टन लेखणी धरून थांबला होता. दोघे सभासद त्याच्याकडे बघत होते. एकतीस वर्षं ते ज्या नजरेनं बघत आले, ती नजर अजून पुरती गेलेली नव्हती, थोडी शिल्लक होती. त्या थोड्यासाठी तो म्हणाला, "नाही. तेव्हा काही दिसत नव्हतं."

"मग निकाल कायम," टर्टन म्हणाला. "१९०५."

७

सगळे गेल्यावरही विनी बसून होती. मग उठून टेबलापाशी आली.

"तो फोटो आता मला द्या. बाबांना तुमच्या हातून घ्यायचा नव्हता. मी घेते."

तिनं तो खिडकीकडे नेला आणि डोळ्यांना लागेल इतका जवळ धरला. तिरकी मान, डावीकडून, मग उजवीकडून. मग बोटानं चाचपायला लागली. चाकापाशी, आसनावर, पुन्हा चाकापाशी.

"मला दिसत नाहीयेत, की नाहीतच?"

"विनी—"

"आधी सांगा. माझे डोळे फसवतायत का?"

"नाहीत. फोटोतच नाहीत ती."

तिचं बोट चाकापाशीच राहिलं. "ऍम्ब्रोजचा हा एकच फोटो होता आमच्याकडे. आणि आसनावरच्या एडिथआजीचा तरुणपणीचा. लहानपणी बाबा मला दाखवायचे, हे बघ नाक, तुझं नाक ऍम्ब्रोजचं आहे. डोळे जायच्या आत मला ते नाक एकदा बघायचं होतं. गाडी तर तुम्ही बाबांच्या हातून काढून घेतलीतच. माणसांनी काय घोडं मारलं होतं तुमचं? ती कशाला पुसलीत?"

"मी नाही पुसली. शपथ घेतो. ती आपली आपण—"

"मिस्टर पेनफोल्ड," विनी म्हणाली. काका म्हणायची ती थांबली होती, आणि ते त्याला थपडेपेक्षा जास्त लागलं. "तुम्ही काय पुसलंत ते तुमचं तुम्हाला माहीत आहे. मला वाटलं होतं, आज तरी बोलाल. तुमचं तोंड उघडलेलं मला तेवढं दिसलं."

ती गेली. रेतीवरून तिची पावलं फाटकापर्यंत ऐकू आली.

८

साडेतीन वाजले होते. बाहेर राखाडी, पण चांगला उजेड होता. पेनफोल्ड टेबलाशी बसून राहिला. मग काहीतरी सुचल्यासारखा उठला आणि त्यानं कपाटाचा वरचा खण ओढला.

पहिली फाईल. नॉरिचची १९०२ ची मोटार, चर्चच्या दारात. वऱ्हाड होतं तिथे, चौदा माणसं. चौदा कातरणं टाचणीला होती. फोटोत चर्च होतं, मोटार होती, पायऱ्यांवर पडलेली फुलं होती. माणूस एकही नव्हता.

दुसरी फाईल. डॉक्टरची दोन आसनी, अंगणात. अंगण रिकामं. तिसरी. पाचवी. त्यानं खण पुरा बाहेर ओढला, मग खालचा, मग त्याच्या खालचा. एकतीस वर्षांचे चार हजारांवर फोटो. कित्येक घरांनी विश्वासानं ठेवायला दिलेले, कित्येकांकडे दुसरा नसलेला. मोटारी झळकत होत्या, दिवे, पाट्या, आऱ्या, सगळं स्वच्छ. आड येणारं कुणी उरलं नव्हतं. त्याला हवं होतं तसंच झालं होतं सगळं.

बाहेर रेतीवर पाय वाजला.

विनी परत आली, त्याला वाटलं, आणि देवाशप्पथ त्याला आनंद झाला. आता सांगतो, तो मनात म्हणाला. पण दुसरा पाय वाजला, मग तिसरा, मग खूप. जड बूट, लहान मुलांचे बूट, घागऱ्यांची सळसळ, एक खोकला. बोलत कुणीच नव्हतं. पायांचा आवाज दाराच्या पुढ्यात येऊन एकदम थांबला. फोटोवाल्यानं आता हलू नका म्हटल्यावर माणसं थांबतात तसा.

दाराची काच धुरकट होती. तिच्यातून बाहेरचे आकार दिसत. टोप्यांच्या कडा. बाहीची गोलाई. कुणाच्या तरी कडेवरचं मूल. खाली, पायांपाशी, एक कुत्रा. पेनफोल्डला प्रत्येक कड ओळखू येत होती. यातली एकूण एक त्यानं या हातांनी कापली होती. चेहरा मात्र त्याला एकाचाही आठवेना, कारण त्यानं कधी पाहिलाच नव्हता.

"मी पाहिली होती," तो मोठ्यानं म्हणाला. "नळी. सत्त्याहत्तर सालीच पाहिली होती मी." वाक्य सहज आलं, काही म्हणजे काही अवघड नव्हतं. पण ते जिला ऐकायचं होतं ती एव्हाना बसमध्ये बसली असेल. बाहेर कुणी हललं नाही.

त्या गर्दीत मागे कुठेतरी एक जण टोपी हातात धरून उभा होता. अंगानं आडवा, थोडा वाकलेला. लायनेल असेल का? पेनफोल्डनं काचेवर डोळे बारीक केले. लायनेल असला तर त्याच्याकडे सरळ जायचं, बाकीच्यांकडे बघायचं नाही, हात धरायचा. त्यानं लायनेलचा चेहरा आठवून पाहिला. खुराडं आठवलं, गवत भरलेलं इंजिन आठवलं, पाना धरलेले हात, नखांतलं ग्रीस, डाव्या बाहीवरचं ठिगळ. पंचवीस वर्षांची दोस्ती. चेहऱ्यापाशी आलं की काळं होत होतं, कडा नीट कापल्यासारखं.

घरी जायची बस पावणेपाचला होती आणि खोलीला दार एकच होतं. पेनफोल्डनं कोट चढवला, हीटर बंद केला. बाहेर गेल्यावर यातला लायनेल कोणता, ते त्याला कुणाला तरी विचारावं लागणार होतं.